झिराड सोडलं आणि झिराडकर झालो

नवीन ओळख झाली की माझ्या नावापाशी लोक थांबतात. पहिलं नाव बायबलमधलं, मधलं सॅम्युएल आणि शेवटी झिराडकर. "म्हणजे अलिबागकडच्या तुम्ही," इथवर सगळ्यांना बरोबर येतं. त्यापुढे "ख्रिश्चन का?" असं विचारतात, आणि मी सांगते की आम्ही ज्यू, कोकणातले बेने इस्राएल. घरात मराठी, ताटात भात आणि नारळाच्या रसातली मासळी, नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा, शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा. एवढं ऐकल्यावरही बऱ्याच जणांचा प्रश्न तसाच राहतो: मग हे 'कर' कुठून आलं?

आलं ते झिराडहून. मांडव्याच्या जेट्टीवर उतरून अलिबागला जायला निघालात की वाटेत चोंढी, किहीम, झिराड अशी गावं लागतात. एका बाजूला कनकेश्वराचा डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे नारळी-पोफळीच्या वाड्या. आता तिथे मुंबईकरांचे बंगले आणि त्यांच्या लांबच लांब कुंपणाच्या भिंती झाल्या आहेत. लहानपणी बाबांनी मला एका विहिरीजवळची मोकळी जागा दाखवली होती. आपला घाणा इथे होता, असं त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं. घाण्याचा दगडही तिथे उरला नव्हता. पण त्या जागेचं नाव आमच्या रेशन कार्डावर होतं, आणि ते आजही माझ्या पॅन कार्डावर आहे.

आमची मूळ गोष्ट रायगडात बऱ्याच जणांना ठाऊक असते. नवगावच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना नवगावलाच पुरलं. ती दफनभूमी अजून आहे आणि आमचे लोक दूरदूरहून तिथे येऊन माथा टेकतात. हे कधी घडलं याबद्दल एकमत नाही. आमच्यातले पहिले इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी तो काळ इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराचा धरला. पुढच्या अभ्यासकांनी तो बराच अलीकडे आणला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात आमच्या रक्तात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि इथल्या लोकांचा, असा दोघांचाही मोठा वाटा दिसला. मला त्यात काही धक्कादायक वाटलं नाही. इतक्या पिढ्या एका मातीत राहिल्यावर वेगळं काय निघणार?

जहाजाच्या गोष्टीपेक्षा मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आडनावांचं कोडं तिथे सुटतं. वाचलेल्यांच्या वंशजांनी तेल गाळण्याचा धंदा धरला. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावोगाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. सोमवारी बैल न जुंपणारे हिंदू तेली ते 'सोमवार तेली'. आता विचार करा, एका गावाला घाणे किती लागतात? एक, फार तर दोन. तीळ, नारळ, करडई गाळून घेणारी गिऱ्हाइकं ठरलेली. दोन मुलं झाली की एकाने बापाचा घाणा चालवायचा आणि दुसऱ्याने शेजारच्या गावात जागा बघायची. अशी ही माणसं कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, एका गावात दोन घरं, दुसऱ्या गावात तीन घरं अशी पांगत गेली. एवढ्याशा समाजात शंभराहून जास्त आडनावं कशी, याचं उत्तर माझ्या मते या घाण्यातच आहे. आम्ही शेतकरी असतो तर एकाच गावात भावकी वाढली असती आणि एकेका आडनावाची शंभर घरं झाली असती. तेली होतो म्हणून जितकी गावं तितकी आडनावं झाली, आणि प्रत्येक आडनाव पहिल्यापासूनच मूठभर माणसांचं राहिलं.

किहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, रोह्याला लागून असलेल्या अष्टमीचे अष्टमकर, चौलचे चेऊलकर, नवगावचे नवगावकर, आवासचे आवासकर, पेझारीचे पेझारकर, कोर्लईचे कोर्लेकर, तळ्याचे तळकर, आपट्याचे आपटेकर, घोसाळ्याचे घोसाळकर. ही यादी मी झोपेतही म्हणू शकते. नकाशावर बोट ठेवत गेलं तर रेवसपासून म्हसळ्यापर्यंतचा सगळा पट्टा या आडनावांनी भरलेला दिसतो. इतर ज्यूंमध्ये कोहेन आणि लेवी ही आडनावं जगभर सापडतात, कारण ती पुरोहितांच्या घराण्यांची. आमच्या परंपरेत कोहेनही नव्हते आणि लेवीही नव्हते. आमच्याकडे माणसाची ओळख सांगायला फक्त गाव होतं.

तरी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. झिराडमध्ये राहणाऱ्याला झिराडकर म्हणवून घ्यायची गरज पडत नाही. गावात तुम्ही समाजी तेल्याचा मुलगा किंवा हसाजीचा नातू. (समाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे एझिकेल. कोकणात राहून बायबलमधली नावंही अशी आपल्या वळणाची झाली होती.) गाव सुटलं की गावाचं नाव चिकटतं. ते सुटायला लागलं अठराव्या शतकात. मुंबई वाढत होती, ईस्ट इंडिया कंपनीला बंदरात, गोदीत, बांधकामावर आणि मुख्य म्हणजे पलटणीत माणसं हवी होती. आमचे लोक एकामागून एक खाडी ओलांडून गेले. मुंबईत एका आळीत चार समाजी जमले की कुठला समाजी हे सांगावंच लागणार. तिथे दिवेकर, झिराडकर, राजपूरकर ही नावं पक्की झाली.

यातलं सगळ्यात जुनं ठळक नाव म्हणजे समाजी हसाजी दिवेकर, इंग्रजीत सॅम्युएल एझिकेल दिवेकर. कंपनीच्या फौजेत होते, म्हैसूरच्या दुसऱ्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटलो तर देवाचं घर बांधीन असा त्यांनी नवस केला होता, असं आमच्यात सांगतात. १७९६ मध्ये मांडवीत त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं, शाआर हारहमीम, 'दयेचं दार'. आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची, म्हणून ही 'जुनी मशीद'. मस्जिद स्टेशनचं नाव याच मशिदीवरून पडलं असं आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तिथल्या रस्त्याचं नाव सॅम्युएल स्ट्रीट. दिवेकर स्ट्रीट झालं असतं तर मला जास्त आवडलं असतं.

झिराडकरांचं नाव एका दुसऱ्या गोष्टीत येतं. डेव्हिड रहाबी नावाचे एक ज्यू गृहस्थ कोकणात आले आणि शनिवार पाळणारे हे तेली कोण, अशी त्यांना शंका आली. त्यांनी घरच्या बायकांपुढे मिश्र मासळीची टोपली ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पापलेटासारखे खवलं आणि पर असलेले मासे घेतले, मुशी आणि शिंगाळा बाजूला सारले. आम्ही हे खात नाही, म्हणाल्या. ज्यू धर्मशास्त्रातला नियम हाच. या लोकांकडे ग्रंथ उरले नव्हते, हिब्रू उरली नव्हती. 'शेमा इस्राएल' ही एक प्रार्थना, मुलांची सुंता, शनिवारची सुट्टी आणि मासळी निवडण्याची ही रीत एवढंच टिकलं होतं. रहाबींनी मग तीन तरुण निवडले, त्यांना हिब्रू आणि धर्मविधी शिकवले. एक झिराडकर, एक राजपूरकर, एक शापूरकर. गावोगाव फिरून लग्नं लावणारे, तंटे सोडवणारे 'काजी' ते या घराण्यांतले. रहाबी कोणत्या काळातले यावर वाद आहेत. बरेच अभ्यासक त्यांना अठराव्या शतकातल्या कोचीनच्या व्यापारी रहाबी घराण्याशी जोडतात. आमच्या घरी मात्र ही गोष्ट सांगताना मासळीची टोपली डोळ्यांपुढे असायची. आई बाजारातून आल्यावर ओट्यावर मासे पसरायची तेव्हा आजी हमखास म्हणायची, "बघ, तुझ्या बापाच्या घराण्याला काजीपण मिळालं ते या बायकांमुळे."

इथपर्यंत आडनाव मिळवण्याची गोष्ट झाली. ते गमावण्याची गोष्ट मराठी आणि इंग्रजी कागद शेजारी ठेवले की दिसते. १८७४ साली पुण्यात पेसाहच्या सणाचं हगादा हे पुस्तक हिब्रू आणि मराठीत छापलं गेलं. ते काढणारे मोझेस जेकब तळकर आणि एरन डॅनियल तळकर. दोघांनीही गाव सोडलेलं नाही. हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं करून आमच्या लोकांना त्या समजतील अशा करून देणारे पंडित जोसेफ एझिकेल राजपूरकर. १८७५ मध्ये इस्राएली मुलांसाठी शाळा काढणारे केहीमकर. म्हणजे मराठीत आणि समाजात वावरताना 'कर' ठळक होतं.

पण हीच माणसं सरकारी नोकरीत, रेल्वेत, टपाल खात्यात, पलटणीत इंग्रजीत नोंदवली गेली तेव्हा साहेबाला 'अब्राहम' आणि 'मोझेस' ओळखीचं वाटलं. स्वतःचं नाव, बापाचं नाव, संपलं. बापाचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसलं आणि गाव कागदावरून उतरलं. मुंबईचे १९३७-३८ चे महापौर डॉ. ई. मोझेस यांच्या नावाचा रस्ता महालक्ष्मीहून वरळीला जातो. त्या पाटीवर गाव नाही. कवी निस्सिम एझिकेल यांना १९८३ मध्ये साहित्य अकादमी मिळाली, त्यांच्याही नावात गाव नाही. हिंदी सिनेमातले टक्कल पडलेले, हसऱ्या चेहऱ्याचे डेव्हिड सगळ्यांना आठवतात. 'बूट पॉलिश'मधल्या जॉन चाचासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर होते हे किती जणांना माहीत आहे? श्रेयनामावलीत फक्त 'डेव्हिड' यायचं. चौल तर दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर, टॉलेमीच्या भूगोलात त्याचा उल्लेख आहे. एवढं मोठं गाव एका नटाच्या नावाआड गेलं.

डॉ. जेरुशा झिराड यांच्याबद्दल मला नेहमी विचारतात. जवळचं नातं नाही, गाव एक. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख म्हणून त्यांनी १९४७ पर्यंत काम पाहिलं, बाळंतपणात मरणाऱ्या बायकांचा प्रश्न आयुष्यभर लावून धरला, १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावात 'कर' गळलं पण झिराड राहिलं. हे मला फार मोलाचं वाटतं. मोझेस किंवा सॅम्युएल जगात कुठलाही असू शकतो. झिराड म्हटलं की मांडवा-अलिबाग रस्त्यावरचं एकच ठिकाण.

हे सगळं आमच्या घरातही घडलं. बाबांच्या कागदांची पत्र्याची पेटी माझ्याकडे आहे. त्यात त्यांचा अलिबागच्या शाळेचा दाखला आहे, घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. जांभळा शिक्का इतका पुसट झालाय की उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव: सॅम्युएल अब्राहम झिराडकर. धर्म व जात या रकान्यात मास्तरांनी वळणदार अक्षरात लिहिलंय, 'बेनि इस्राएल'. त्याच पेटीत नोकरीचं सर्व्हिस बुक आहे. त्यावर 'एस. अब्राहम'. नोकरीला लागताना कारकुनाने आडनाव काय विचारलं आणि बाबा सांगेपर्यंत त्याने लिहूनही टाकलं होतं. नवीन नोकरी, वय एकोणीस. कोण उलट बोलणार? मग पगार एस. अब्राहमला, पेन्शन एस. अब्राहमला, बँकेचं पासबुकही एस. अब्राहमचं. घराच्या दारावर मेझुझा (आत प्रार्थनेचा कागद असलेली छोटी डबी) आणि त्याखाली लाकडी पाटी, 'झिराडकर'. टपालवाल्याला दोन्ही एकच आहेत हे माहीत होतं. त्याची बदली झाली की नव्याला पुन्हा सांगावं लागायचं.

बाबा गेल्यावर आईच्या कुटुंब-पेन्शनसाठी दोन नावं एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करायला किती शपथपत्रं आणि किती चकरा झाल्या, ते सांगत बसत नाही. ज्यांनी केलंय त्यांना कळेल. त्या काळात आई एकदा पेन्शन ऑफिसच्या खिडकीशी उभी राहून तिथल्या माणसाला म्हणाली, "लग्नाच्या वेळी मला झिराडकरांकडे दिली होती हो, अब्राहमांकडे नाही." त्याला काही समजलं नाही. मला तिचं ते वाक्य अजून जसंच्या तसं ऐकू येतं. आमच्यात लग्न जमवताना पहिली चौकशी कुठले, हीच असायची. मुलगी रोहेकरांची, आई तिची पेणकरांची, मामा अष्टमकर. एवढ्यात सगळं घराणं कळायचं. मशिदीतले मुकादम आणि चौगुले या पदाधिकाऱ्यांना ही सगळी जाळी तोंडपाठ असायची.

मुलीच्या जन्माच्या दाखल्यावर मी म्हणूनच हट्टाने पूर्ण नाव घातलं. माझे यजमान बेंजामिन आडनाव लावतात, त्यांच्याही घरचं गाव असंच एका पिढीत कागदावरून गेलं. त्यांच्या आत्याने सांगितलं म्हणून कळलं की ते वाक्रुळकर. मग त्यांनी नावबदलाचा अर्ज केला, राजपत्रात छापून आणलं आणि साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा वाक्रुळकर झाले. ऑफिसातल्या लोकांनी पेढे मागितले. आम्ही घरी मलीदा केला. गोडे पोहे, ओलं खोबरं, सुका मेवा, वर गुलाबाच्या पाकळ्या, एलिया हन्नबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन. आमच्याकडे मन भरून आलं की मलीदा होतो.

आता माणसं किती, याकडे येते. १९५१ च्या जनगणनेत भारतात सगळे मिळून ज्यू होते सुमारे २६ हजार. त्यात आम्ही सर्वात जास्त, मग बगदादी (इराककडून आलेले) आणि कोचीनचे. २०११ च्या जनगणनेत हा आकडा साडेचार हजारांच्या आसपास आला, त्यातले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात, मुख्यतः मुंबई आणि ठाण्यात. शंभराहून जास्त आडनावं आणि साडेचार हजार माणसं. सरळ भागाकार केला तरी एका आडनावाच्या वाट्याला पन्नास माणसंही येत नाहीत. त्यातले कितीतरी जण ते लावतच नाहीत. वाटणीही सारखी नाही. पेणकर, रोहेकर, दिवेकर अजून भेटतात. गळसुरकर आणि भोनकर मला सिनेगॉगमधल्या देणगीदारांच्या फलकांवर आणि कबरींच्या दगडांवर जास्त दिसतात, माणसांत कमी.

मोजणीत आणखी एक गुंता आहे. पेणकर, दांडेकर, दिवेकर ही आडनावं हिंदूंमध्येही आहेत, आणि का नसावीत? गाव सगळ्यांचं होतं. त्यामुळे मतदार यादी चाळून आमची माणसं काढता येत नाहीत. पहिलं नाव बघावं लागतं, आणि आता तेही फसवतं. आमच्यात संजय, सुनील, शीला पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

गेले कुठे सगळे, तर इस्राएलला. १९४८ नंतर जहाजांनी, विमानांनी, घरंच्या घरं गेली. सुरुवातीला तिथे मन न रमल्याने काही जण उपोषणाला बसून १९५२ मध्ये परतही आले. त्यातले बरेच पुढे पुन्हा गेले. आज तिथे भारतातून गेलेले ज्यू आणि त्यांची मुलं-नातवंडं मिळून ८० हजारांच्या आसपास सांगतात, त्यात सर्वात जास्त आमचेच. अश्दोद, लोद, रामला, बीरशेवा, दिमोना. दिमोनाच्या वाळवंटात मराठी ऐकू येते. तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघतं आणि १ मेला महाराष्ट्र दिन साजरा होतो.

आमच्याच घराचं उदाहरण देते. बाबांचे दोन भाऊ साठच्या दशकात गेले. मोठ्या काकांच्या पासपोर्टवर शेवटी आजोबांचं नाव होतं, म्हणून तिथे ते 'अब्राहम' झाले. धाकट्या काकांच्या कागदावर पणजोबांचं नाव शेवटी आलं होतं, ते 'मोझेस' झाले आणि पुढे त्यांच्या मुलाने त्याचं 'मोशे' केलं. बाबा इथे राहिले, ते झिराडकर. तीन सख्खे भाऊ, एका ताटात जेवलेले, आणि तीन आडनावं. इथे असताना बापाचं नाव दर पिढीला बदलत राहायचं, त्यामुळे खाली कुठेतरी गावाचं आडनाव शाबूत असायचं. तिथे उतरताना जे लिहिलं गेलं ते कायमचं गोठलं. आता माझ्या चुलतभावाची नातवंडं आणि माझी मुलगी समोरासमोर आली तर नावावरून एकमेकांना ओळखणार नाहीत. दोन पिढ्यांत ही अवस्था झाली.

याच साठच्या दशकात आमच्या लोकांना तिथे फार मोठा अपमान सोसावा लागला. १९६२ मध्ये तिथल्या रब्बीनेटने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या अधिकृत मंडळाने, लग्नाच्या आधी बेने इस्राएलांची वंशावळ तपासायचा फतवा काढला. आईची आई कोण, तिची आई कोण, घटस्फोट झाला होता का, कोणाशी. ज्या लोकांनी ग्रंथ नसताना शतकानुशतकं शेमा आणि शनिवार धरून ठेवला, त्यांना आपण ज्यू आहोत हे सिद्ध करायला सांगितलं! मोर्चे झाले, उपोषणं झाली, माणसं जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसली. १९६४ मध्ये सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत, आणि रब्बीनेटला आपल्या आदेशातून आमचं नाव काढावं लागलं. धाकटे काका त्या आंदोलनात होते. ते फोनवर सांगायचे की म्हाताऱ्या बायका अधिकाऱ्यांपुढे आपली सोयरीक सांगायच्या तेव्हा गावांची यादी म्हणायच्या, आमची आई नवगावकरांची, आजी चेऊलकरांची, पणजी झिराडची. त्या बिचाऱ्यांना वाटायचं, एवढं सांगितलं म्हणजे झालं, कोकणात तेवढ्याने भागायचं. त्या अधिकाऱ्याला नवगाव कुठे आहे हे कसं कळणार?

हिब्रूत झिराडकर लिहायचं म्हणजेही खटपट. झ आमच्या तोंडात जसा आहे तसा तिथे नाही. ज़ च्या अक्षराशेजारी एक छोटी खूण करून काम भागवतात, ती खूण टाईप करताना हमखास सुटते आणि माणूस 'ज़िरादकर' होतो. एक भाची गेल्या वर्षी तिथे लग्न करून गेली. ओळखपत्राच्या वेळी तिने ती खूण सुटू दिली नाही, ओळखपत्र परत करून घेतलं. मी तिला शाबासकीचे शंभर रुपये पाठवणार होते, पण तिथे रुपयाचं करणार काय, म्हणून कुरिअरने चिकाचा हलवा पाठवला.

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याचा एक फायदा असा झाला की दाखल्यांसाठी तरुण मुलं घरातले जुने कागद बाहेर काढू लागली. कोणाला आजोबांचा शाळेचा दाखला सापडतो, कोणाला मोडीतला खरेदीखताचा कागद, कोणाला नुसती लग्नपत्रिका. लग्नपत्रिका तर सोन्यासारख्या. नोकरीच्या कागदावर 'एस. अब्राहम' असलेला माणूस मुलाच्या लग्नपत्रिकेत झिराडकरच असतो, कारण ती आपल्याच माणसांनी वाचायची असते. अलिबागच्या इस्राएल आळीत, १८४८ च्या मागेन आबोथ सिनेगॉगपाशी, अशाच एका पत्रिकेवरून एका घराचा पत्ता आम्ही जुळवला होता.

मी आता गावांच्या नावांनी एक वही केली आहे. प्रत्येक पानावर एक गाव, त्याचं आडनाव, आणि ते लावणारी किंवा सोडून दिलेली घरं. गळसुरकर, भोनकर, चिंचोलकर, कोर्लेकर आणि शापूरकर या पानांवर फारच थोडं आहे. तुमच्या घरात यातलं कोणी असेल, किंवा तुमचं आडनाव डॅनियल, सोलोमन, जेकब असं काही असेल आणि आजीच्या तोंडून कधी एखाद्या गावाचं नाव ऐकलं असेल, तर मला जरूर कळवा. जुन्या लग्नपत्रिकेचा, शाळेच्या दाखल्याचा किंवा कबरीच्या दगडाचा फोटो असेल तर उत्तम. दगडाचा फोटो काढताना आधी पाण्याने पुसून घ्या आणि सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, कोरलेली मराठी अक्षरं नीट उमटतात. दगडावर बहुतेक वेळा हिब्रू वर असतं आणि गावाचं नाव खालच्या ओळीत, गवतात गेलेलं. ते गवत तेवढं बाजूला करा.